गैरहजर बाईचं मत बाटलीला कशासाठी?

पोस्ट जरा लांब आहे. पण ज्यांच्या गावात देशीचं दुकान आहे, किंवा येणार अशी कुणकुण आहे, त्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

दारू चांगली की वाईट यावर मी इथे लिहीत नाही. त्यावर आपल्याकडे प्रत्येक बाईचं मत ठरलेलं आहे, आणि बहुतेक पुरुषांचंही, निदान सकाळच्या वेळेपुरतं. माझा प्रश्न वेगळा आहे. गावात नशेचं दुकान असावं की नसावं हे ठरवतं कोण, आणि ठरवताना मोजणी कशी होते?

आधी नियम सांगते, कारण बचत गटाच्या बैठकांमध्ये मी पाहते की "उभी बाटली, आडवी बाटली" हे शब्द सगळ्यांना माहीत असतात, पण त्यामागचं गणित फार थोड्यांना माहीत असतं.

राज्य सरकारचा २५ मार्च २००८ चा आदेश आहे. त्यानुसार गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी २५ टक्के महिलांनी, किंवा एकूण मतदारांपैकी २५ टक्के लोकांनी, दुकान बंद करा असा सह्यांचा अर्ज दिला, तर उत्पादन शुल्क खातं त्या सह्या तपासतं आणि मग प्रशासन गुप्त मतदान घेतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या. आडवी बाटली म्हणजे बंद करा. इथपर्यंत सगळं छान आहे. देशात फार कमी राज्यांनी बायकांच्या हातात असा अधिकार दिला आहे, हे मी मान्य करते.

पण आता पुढची ओळ वाचा. महिलांनी मागणी केली असेल, तर दुकान बंद होण्यासाठी गावातल्या *एकूण* महिला मतदारांपैकी ५० टक्क्यांहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. झालेल्या मतदानाच्या नाही. यादीतल्या एकूण नावांच्या.

समजा, एका गावात ८०० महिला मतदार आहेत. २०० सह्या झाल्या, तपासल्या, मतदान लागलं. त्या दिवशी ५०० बाया मतदानाला आल्या. त्यातल्या ३९० जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, ११० जणींनी उभ्यावर. शंभरातल्या ७८ बायांनी सांगितलं की दुकान नको. निकाल काय? उभी बाटली जिंकली. कारण ४०१ मतं पाहिजे होती आणि ११ कमी पडली.

म्हणजे ज्या ३०० बाया आल्याच नाहीत, त्यांचं मत कुठे गेलं? बाटलीच्या खात्यात. त्यांना कोणी विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही, तरी मोजणीत त्या दुकानदाराच्या बाजूने उभ्या राहिल्या.

आता या ३०० बाया कोण आहेत ते आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. धान कापून, चुरून झालं की कितीतरी घरांतली नवराबायको कामाला बाहेर निघतात. कोणी वीटभट्टीवर, कोणी नागपूरला बांधकामावर, कोणी त्याहून लांब. लग्न होऊन सासरी गेलेल्या पोरीचं नाव माहेरच्या यादीत तसंच असतं. पुण्यात कंपनीत लागलेल्या पोरीचं नाव गावातच असतं. आणि खरं बोलायचं तर, वारलेल्या आजीचं नावही यादीतून निघायला वर्षं लागतात. ती आजी जन्मभर नवऱ्याच्या दारूपायी रडली असेल, पण मेल्यावर तिचं मत उभ्या बाटलीला!

जी, असा नियम दुसऱ्या कुठल्या निवडणुकीला आहे का? सरपंच निवडताना, आमदार निवडताना, खासदार निवडताना आपण झालेली मतं मोजतो. ज्याला जास्त, तो निवडून येतो. पन्नास टक्केही लागत नाहीत. एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं घेऊनच निवडून या असा नियम लावला, तर मुंबईच्या सभागृहात किती जण बसलेले दिसतील ते तुम्हीच सांगा. हा नियम लोकप्रतिनिधीला नाही. तो फक्त दारूविरुद्ध उभ्या राहणाऱ्या बाईला आहे.

हे झालं दुकान घालवताना. आता दुकान येताना काय होतं ते पाहू.

राज्यात १९७० च्या दशकापासून दारूच्या किरकोळ दुकानांचे नवे परवाने जवळपास बंदच आहेत. म्हणून जुना परवाना एका गावातून उठतो आणि दुसऱ्या गावात जातो. याला स्थलांतर म्हणतात. त्यासाठी गावाचा 'ना हरकत' ठराव मागतात. ठराव होतो ग्रामसभेत. आणि ग्रामसभेची गणपूर्ती किती? एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातले जे कमी असेल ते. तेवढेही आले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नाही.

आमच्या भागातल्या एका गावात (नाव लिहीत नाही) मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. पहिली सभा तहकूब झाली. दुसरी सभा रोवणीच्या दिवसात, दुपारी ठेवली. बाया सगळ्या बांधीत, चिखलात. नोटीस बोर्डावरच्या विषयांत दारू दुकानाचा शब्द नव्हता. घरकुल होतं, पाणीपट्टी होती, आणि शेवटी ते नेहमीचं वाक्य होतं: अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. त्या ऐनवेळी दुकान आलं. हात वर झाले, ठराव लिहिला गेला, चहा झाला. संध्याकाळी बाया बांधीतून घरी आल्या तेव्हा गावाने 'ना हरकत' दिलेली होती. पुढे त्यांनी आरडाओरडा केला, सह्या केल्या, तालुक्याला चार चकरा मारल्या, तेव्हा तो ठराव मागे पडला. पण प्रत्येक गावात चार चकरा मारण्याइतकी मजुरी बुडवायला बाया कुठून आणायच्या?

तराजूची दोन्ही पारडी शेजारी ठेवून पाहा. दुकान यायला हात वर करणारी मूठभर माणसं पुरतात, तेही उघड मतदानाने, पुढारी समोर बसलेला असताना. दुकान जायला मात्र सह्या पाहिजेत, तपासणी पाहिजे, गुप्त मतदान पाहिजे आणि यादीतल्या निम्म्याहून जास्त बाया हजर पाहिजेत. दार आत यायला सताड उघडं, बाहेर जायला कुलूप.

शहरातल्या लोकांसाठी सरकारला ही गोष्ट समजली आहे. मार्च २०२५ मध्ये तेव्हा उत्पादन शुल्क खातं सांभाळणारे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी विधानसभेत जाहीर केलं की, गृहनिर्माण सोसायटीच्या जागेतल्या गाळ्यात बीअर शॉपी किंवा दारूचं दुकान सुरू करायचं असेल तर आधी त्या सोसायटीचं ना हरकत प्रमाणपत्र लागेल. चांगला निर्णय आहे. दुकान येण्याआधी शेजाऱ्यांना विचारायचं, हे तत्त्व त्यात आहे. मग तेच तत्त्व मोहाडीच्या, पवनीच्या, लाखांदूरच्या खेड्यातल्या बाईला लावताना कोणाचा हात आखडतो?

आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्यासाठी मुद्दाम लिहिते. अनुसूचित क्षेत्रात १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. त्यात मादक पदार्थांच्या विक्रीवर बंदी घालण्याचा किंवा नियंत्रण ठेवण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. गडचिरोलीत कोरची, धानोरा, एटापल्लीच्या ग्रामसभांना हे बळ आहे. भंडारा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही. आपल्याकडे साकोली, तुमसर भागात गोंड, हलबा समाजाची गावं आहेत, दुःखही तेच आहे, पण तो अधिकार आपल्या ग्रामसभेला नाही. आपल्याला आहे ती फक्त उभी आणि आडवी बाटली. म्हणूनच तिची मोजणी सरळ असणं आपल्याला जास्त गरजेचं आहे.

कोणी म्हणेल, एवढं काय? दुकान आज इथे, उद्या तिथे. तेच तर सांगते. दुकान कुठे राहील हे गाव सोडून बाकी सगळे ठरवतात. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ ला आदेश दिला की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको. पुढे २० हजारांपर्यंत लोकवस्तीच्या ठिकाणी हे अंतर २२० मीटर केलं. हेतू चांगला होता, पिऊन गाडी चालवणाऱ्यांमुळे जीव जातात. पण महामार्गापासून लांब म्हणजे कुठे? गावाच्या आतल्या बाजूला. राज्यभर दुकानं वस्तीकडे सरकू लागली आणि ठिकठिकाणी बायांनी मोर्चे काढले. आपला ५३ नंबरचा महामार्ग भंडारा, लाखनी, साकोली असा जिल्ह्याच्या मधून जातो. म्हणजे हा प्रश्न आपल्या उंबरठ्यावरचा होता. दिल्लीत अंतर ठरलं, मुंबईत परिपत्रक निघालं. ज्या गल्लीत दुकान येणार त्या गल्लीला कोणी विचारलं?

शेजारच्या चंद्रपूरचं बघा. तिथल्या बायांनी वर्षानुवर्षं लढा दिला, चिमूरहून नागपूरपर्यंत पायी मोर्चा नेला, शेकडो ग्रामपंचायतींनी ठराव केले. १ एप्रिल २०१५ पासून जिल्ह्यात दारूबंदी झाली. मग सरकार बदललं, समिती बसली, अवैध दारू वाढली असा अहवाल आला आणि २७ मे २०२१ ला मंत्रिमंडळाने बंदी उठवली. बंदी बरोबर होती की उठवणं बरोबर होतं, यावर दोन्हीकडे बोलण्यासारखं आहे. पण ज्या ग्रामसभांच्या ठरावांवर ती बंदी उभी होती, त्यांना उठवताना पुन्हा विचारलं का? नाही. बंदी आणायला गावाचा आवाज लागला, उठवायला मंत्रिमंडळाची एक बैठक पुरली.

यात पैशाचा भाग आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. पिण्याच्या दारूवर जीएसटी लागत नाही. तिच्यावरचं उत्पादन शुल्क आणि व्हॅट थेट राज्याच्या तिजोरीत जातो. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने शुल्क वाढवलं तेव्हा वर्षाला १४ हजार कोटी रुपये जास्त मिळतील असा अंदाज सरकारनेच दिला. राज्याला पैसा लागतो, रस्ते, शाळा, योजना त्यातूनच होतात, हे मला कळतं. पण हिशोब असा आहे: शुल्क मुंबईला जातं. रात्रीची शिवीगाळ, गहाण पडलेली हातातली गोठ, मंडईच्या दिवशी नाटकाच्या मंडपामागे होणारी मारामारी, हे गावात राहतं. नफा एकीकडे, निस्तरणं दुसरीकडे. ज्याला निस्तरावं लागतं त्याचा शब्द शेवटचा असावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणि हा प्रश्न फक्त दारूचा राहणार नाही. आपल्या भागात सरकारमान्य नशेचं दुकान ही काही नवी गोष्ट नाही. इंग्रजांच्या काळात भंडारा मध्य प्रांतात होता आणि त्या प्रांतात गांजाची परवानाधारक दुकानं होती. माल खंडव्याकडे पिकायचा आणि विक्रीच्या परवान्याचा लिलाव व्हायचा. १८९३-९४ मध्ये सरकारने भांग-गांजाची चौकशी करायला खास आयोगही नेमला होता. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने गांजा, चरस गुन्हा झाला. पण भांगेची पानं त्या कायद्यातल्या व्याख्येबाहेर राहिली, म्हणून शेजारच्या मध्य प्रदेशात आजही भांगेची परवानाधारक दुकानं आहेत. उत्तराखंडाने औद्योगिक भांगेच्या, म्हणजे हेम्पच्या, शेतीला परवानगी दिली, हिमाचलात त्या दिशेने पावलं पडत आहेत. हे औषधाला, कापडाला आहे, दुकानासाठी नाही, हे खरं. पण वारं कुठल्या दिशेने वाहतं ते दिसतं. उद्या कुठलं दुकान येईल ते आज सांगता येत नाही. तेव्हा गावाला आधी विचारायची सवय सरकारला आजच लागलेली बरी.

परदेशात हा प्रश्न येऊन गेला आहे. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ ला गांजा कायदेशीर केला. त्यानंतर ऑन्टॅरिओ प्रांताने काय केलं? तिथल्या सगळ्या नगरपालिकांना सांगितलं की, तुमच्या हद्दीत गांजाची दुकानं नको असतील तर २२ जानेवारी २०१९ पर्यंत कळवा. एकही दुकान उघडण्याआधी! मिसिसॉगासारख्या मोठ्या शहराने 'नको' म्हटलं, आणि २०२३ मध्ये स्वतःच विचार बदलून 'चालेल' म्हटलं. 'नको' म्हणणाऱ्याला पुढे 'हो' म्हणायची मुभा ठेवली, पण एकदा 'हो' म्हटलं की माघार नाही, असा नियम होता. त्यातही दोष आहेत. पण क्रम बघा: आधी गावाला विचारलं, मग शटर वर गेलं. आपल्याकडे आधी शटर वर जातं, मग बायांनी सह्या गोळा करायच्या.

आता नेहमीचे आक्षेप.

पहिला, "दुकान बंद केलं तर हातभट्टी वाढते, मोहाची गाळतात, बाहेरून माल येतो." हे खोटं नाही. शेजारी वडसा आहे, गडचिरोली जिल्हा, १९९३ पासून दारूबंदी. लाखांदूरकडच्या लोकांना सीमेच्या या बाजूचा माल त्या बाजूला कसा जातो हे माहीत आहे. पण हातभट्टी पकडणं हे पोलिसांचं आणि उत्पादन शुल्क खात्याचं काम आहे. ते होत नाही म्हणून बाईचं मत कमी मोजा, हे कुठलं तर्कशास्त्र? आणि दुकान असलेल्या गावांत हातभट्टी नाही, असं कोणी छातीवर हात ठेवून सांगावं.

दुसरा, "फक्त बायांनीच का ठरवायचं?" नियमात एकूण मतदारांचाही मार्ग आहे. पुरुषांनी २५ टक्क्यांत सह्या कराव्यात, सगळ्यांचं मतदान मागावं. कोणी अडवलं नाही.

तिसरा, "निम्म्याहून जास्तची अट काढली तर दहा बाया मिळून दुकान बंद करतील." हा आक्षेप मला पटतो. म्हणून अट काढा असं मी म्हणत नाही, सरळ करा म्हणते. मतदानाला किमान किती हजेरी पाहिजे ते ठरवा, समजा ४० टक्के. आणि मग झालेल्या मतांपैकी निम्म्याहून जास्त ज्याला, तो जिंकला. साधी गोष्ट.

माझ्या मागण्या चारच आहेत.

१. बाटलीच्या मतदानात झालेली मतं मोजा. किमान हजेरीची अट हवी तर ठेवा.

२. दुकान गावात आणताना, स्थलांतर असलं तरी, तेच गुप्त मतदान घ्या. 'ऐनवेळच्या विषयात' दारू दुकानाचा ठराव झाला तर तो आपोआप रद्द समजा.

३. मतदानाआधी यादी तपासा. वारलेल्या आणि कायमच्या बाहेर गेलेल्या मतदारांची नावं गणतीतून वगळा.

४. मतदान रोवणी, कापणी आणि बाहेरगावी जायच्या दिवसांत ठेवू नका. तारीख आठ दिवस आधी दवंडी देऊन सांगा, नुसती बोर्डावर चिकटवू नका.

यातली एकही मागणी दारूबंदीची नाही, हे लक्षात घ्या. ज्या गावातल्या बाया स्वतःच उभ्या बाटलीला मत देतील, तिथे दुकान खुशाल चालू द्या. गावाचा निर्णय म्हणून मी तो मान्य करीन.

नियम बदलायला वेळ लागेल. तोवर आपल्या हातात जे आहे ते करू. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभा सोडू नका. सभेच्या आधी नोटीस वाचा, फोटो काढून गटाच्या ग्रुपवर टाका. सभा संपल्यावर ठरावाचं पुस्तक बघायला मागा, नाही दाखवलं तर माहितीच्या अधिकारात नक्कल मागा. सह्यांची मोहीम करायची असेल तर २५ टक्क्यांवर थांबू नका, ४० टक्के करा. कारण सही ते तपासणी या मधल्या दिवसांत घरातून दबाव येतो, काही जणी मागे सरतात, आणि दोष त्यांचा नसतो. मतदानाच्या दिवशी बाहेरगावच्या बायांना आणायला गाडीची सोय आधीच करून ठेवा. निवडणुकीत पुढारी ते करतातच, आपणही शिकू.

आणि पुढच्या निवडणुकीत मत मागायला जो कोणी दारात येईल, कोणत्याही पक्षाचा असो, त्याला एकच विचारा: "भाऊ, तुम्हाला निवडून द्यायला झालेली मतं मोजतात. दुकान घालवायला आमची तशीच मोजाल का?" उत्तर काय येतं ते लिहून ठेवा.

तुमच्या गावात बाटलीचं मतदान झालं असेल, तर एकूण महिला मतदार किती, आल्या किती, आडवी किती, उभी किती, एवढे चार आकडे खाली टाका. जिंकलं असेल तरी टाका, हरलं असेल तर जरूर टाका. पन्नास गावांचे आकडे एकत्र झाले की ते घेऊन आपण जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ. रडगाणं ऐकून घेतात आणि सोडून देतात. आकड्यांवर मात्र काहीतरी लिहून द्यावं लागतं.